रोमच्या वळणाची परग्रहवासी संस्कृती कशी घडवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथेचे रोलप्लेइंग गेम मराठीतून खेळणाऱ्यांसाठी हे पान आहे. फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या मंडळींना रोमच्या वळणाची परग्रहवासी संस्कृती बसवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरण म्हणून ‘तेर्मार’ नावाची एक कल्पित जात सगळीकडे वापरली आहे. ती उचला, मोडा, हवी तशी बदला. गेम मास्टरला, म्हणजे खेळाची गोष्ट चालवणाऱ्याला, इथे सूत्रधार म्हटले आहे. सेशन म्हणजे खेळाची एक बैठक, कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट.

रोमकडून नेमके काय घ्यायचे?

झगे, शिरस्त्राणे, गरुडाचे ध्वज आणि आखाड्यातल्या झुंजी सगळ्यांत शेवटी घ्या. नाही घेतल्या तरी चालेल. आधी घ्यायचे ते देणेघेणे. रोमन समाजात प्रत्येक माणसाला आपण कुणाचे देणे लागतो आणि आपले देणे कोण लागतो हे पक्के ठाऊक असे. आश्रयदाता आणि आश्रित, बाप आणि मुलगा, सेनापती आणि शिपाई, सोडलेला गुलाम आणि त्याचा जुना धनी, इतकेच काय, नगर आणि त्याचे देव, सगळीकडे हिशोब चालू असे. खेळाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. ज्या पात्राच्या डोक्यावर कुणाचे तरी ऋण आहे, त्याला गोष्टीत ओढायला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

पण रोमच का? आपल्याकडे साम्राज्ये कमी आहेत का?

कमी नाहीत, आणि कदंबांवर किंवा विजयनगरावर कुणी परग्रह रचला तर मी पहिल्या सेशनला हजर राहीन. रोमची सोय अशी की त्याचे कायदे, पत्रव्यवहार, थडग्यांवरचे लेख आणि सरकारी पदांची उतरंड इतक्या तपशिलाने हाती आली आहे की सूत्रधाराला अडेल तिथे उत्तर सापडते. शिवाय गोव्यातल्या खेळाडूला ते अगदी परके नाही. घरच्या वाटणीसाठी नोटरीकडे खेपा घातलेल्या कुणालाही माहीत असते की निकटचे वारस असताना अर्ध्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने भलत्याला देता येत नाही. हा नियम आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्यातून आला आणि त्याची मुळे रोमन कायद्यापर्यंत जातात. म्हणजे रोमन विचाराचा एक तुकडा आपल्या ‘इन्व्हेंटारी’च्या, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या, कागदांत अजून जिवंत आहे.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. साम्राज्याची गोष्ट बहुधा जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादीतल्या गावांना ती दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. ती बाजू खेळात आली, तर आपली संस्कृती इतरांच्या रोमन नकलांपेक्षा वेगळी होईल.

सुरुवात कुठून करू? इतिहासापासून की परग्रहापासून?

शरीरापासून. रोमन संस्था आहेत तशा उचलून हिरव्या कातडीच्या माणसांना चिकटवल्या, तर खेळाडूंना अर्ध्या तासात कळते की हे वेषांतर आहे. आधी असा जीव घ्या ज्याच्या शरीराची काहीतरी अडचण आहे, आणि त्या अडचणीवर रोमन संस्था हाच स्वाभाविक उपाय ठरेल असे जुळवा.

तेर्मार हे खाजणात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीत, राहणारे कवचधारी. भरतीला पाण्यात, ओहोटीला चिखलावर. वाढ होते तसे कवच अपुरे पडते, मग ते कात टाकतात. आयुष्यात साधारण नऊ वेळा. कात टाकल्यावर नवे कवच टणक व्हायला बारा दिवस लागतात. आपल्याकडे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी जाळे लावणाऱ्याच्या हाताला कधीतरी नुकतीच कात टाकलेली कुर्ली लागते. पाठीवर अंगठा टेकवला की खड्डा पडतो. नांग्या पुऱ्या वाढलेल्या असतात, पण त्या मऊ, चिमटा काढायची ताकद त्यांत नसते. तेर्मारांचा सेनापती असो की न्यायाधीश, त्या बारा दिवसांत त्याची हीच गत.

आता एकच प्रश्न विचारायचा: त्या बारा दिवसांत त्याला कोण राखतो? बाकीची संस्कृती या उत्तरातून निघते.

राखणीची पद्धत जरा सविस्तर सांगाल का?

रोममध्ये बड्या माणसाचे आश्रित भल्या पहाटे त्याच्या दाराशी जमत. नमस्कार होई, कुणाला अन्नाची टोपली मिळे, पुढे पुढे त्याऐवजी रोख पैसे, कुणाला कोर्टात शब्द टाकण्याचे आश्वासन. बदल्यात आश्रिताने निवडणुकीत मत द्यायचे, चौकात धन्याच्या मागे चालायचे, गरजेला उभे राहायचे. हे नाते कायद्याच्या चौकटीबाहेरचे होते असे समजू नका. इ.स.पू. ४५१–४५० च्या बारा पाट्यांच्या कायद्यात आश्रिताला फसवणारा आश्रयदाता शापित ठरतो असे कलम होते. धनी बलवान, म्हणून शाप धन्यावर.

तेर्मारांत हे असे उतरते. ज्याने तुमच्या मऊ दिवसांत दाराशी उभे राहून राखण केली, त्याच्या ‘राखणीत’ तुम्ही आलात. पुढची कात येईपर्यंत त्याचा शब्द मोडता येत नाही. तो मात्र तुम्हाला उपाशी ठेवू शकत नाही, आणि तुमच्यावर खटला आला तर त्याला तुमच्या बाजूने उभे राहावेच लागते. बड्या घराण्याच्या दाराशी शंभर मऊ जीव राखणीला ठेवलेले असतात. त्यांतला एक जरी मेला, तरी त्या घराण्याचा सभेतला आवाज जातो. मऊ तेर्माराला मारणे हा एकमेव गुन्हा ज्याला अपील नाही.

टेबलावर हे चालवायला जड नियम नकोत. प्रत्येक पात्राच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे त्याच्या माहितीच्या कागदावर, दोन नावे लिहायला लावा: मला कोणी राखले, मी कुणाला राखतो. सेशनमध्ये एकदा खेळाडू आपल्या राखणदाराचे नाव घेऊन मदत मागू शकतो, ती मिळतेच, फासे टाकायचे नाहीत. मात्र तितक्याच वेळा राखणदारही काम सांगू शकतो आणि तेही नाकारता येत नाही. सेशनची पहिली पंधरा मिनिटे ‘पहाटेच्या भेटी’साठी ठेवा. राखणदाराच्या अंगणात सगळे उभे आहेत, कोण पुढे उभे आहे, कुणाला आज आत बोलावले नाही, एवढ्यावरूनच कारस्थाने सुरू होतात. मारामारीची वाट पाहणारे खेळाडूसुद्धा या भेटीत रंगतात.

दोन राज्यकर्ते का? खेळाडू गोंधळतात.

रोमला राजा नकोसा झाला तेव्हा त्यांनी एका वर्षासाठी दोन कॉन्सल निवडण्याची रीत पाडली. दोघांना सारखा अधिकार, आणि एकाने दुसऱ्याचा हुकूम अडवायचा. रणांगणावर दोघे एकत्र असले तर दिवसाआड सेनापतीपद. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईआधी असेच चालले होते, आणि रोमची धूळधाण ज्या दिवशी झाली तो दिवस दोघांपैकी वारो या कॉन्सलच्या पाळीचा होता. फारच मोठे संकट आले तर एक हुकूमशहा, तोही जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी.

तेर्मारांना दोन अध्यक्ष लागतात कारण एक मऊ असताना दुसरा टणक हवा. निवडणुकीत सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न उमेदवाराची पुढची कात केव्हा, हा असतो. वैद्य विकत घेतले जातात, तारखा लपवल्या जातात. दोघांची कात एकाच वेळी आली, तर बारा दिवसांसाठी हुकूमशहा. ‘बारा दिवस’ ही अख्ख्या कॅम्पेनची घडी होऊ शकते: हुकूमशहा बाराव्या दिवशी पद सोडणार की नाही?

फौज कशी असावी?

लहान घटकापासून बांधा. रोमन फौजेत आठ जणांचा एक तंबू असे, सामान वाहायला एक खेचर, आणि अशा दहा तंबूंची मिळून ऐंशी जणांची, पण नावाने ‘शतकी’ तुकडी. खेळाडूंचा गट म्हणजे असा एक तंबू. तेर्मारांच्या आठांच्या बिळात काती मुद्दाम आगेमागे करवलेल्या असतात, म्हणजे एका वेळी एकच मऊ. दोन बिळे एकत्र केली की हे वेळापत्रक कोलमडते, म्हणून तुकड्या मिसळणे सैनिकांना शिक्षेसारखे वाटते.

रोमन सैन्य शत्रूच्या मुलखात मुक्काम करताना खंदक खणून, मेढेकोट उभारून छावणी घाली, आणि छावणीची आखणी ठरलेली असल्याने शिपायाला अंधारातही आपला तंबू सापडे. तेर्मारांची आगबोट असो की अंतराळयान, आतली रचना तीच ठेवा. खेळाडूंनी एकदा एक यान पाहिले की पुढच्या वेळी शत्रूच्या यानात ते नकाशाशिवाय फिरतील. हे बक्षीस त्यांना आवडते.

दर दहातल्या एकाला त्याच्याच सोबत्यांकडून ठार मारवण्याची रोमन शिक्षा बरेच सूत्रधार पहिल्याच सेशनला वापरतात. रोममध्येही ती क्वचितच दिली जाई. तिची नुसती धमकी पुरते.

धर्माचे काय करायचे? देवांची नुसती यादी पुरेल का?

यादीने काहीच होत नाही. रोमन धर्मात तुमची श्रद्धा किती हे कुणी फारसे विचारत नसे. विधी बरोबर झाला का, देवाची अनुमती मिळाली का, हे पाहत. लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे, त्यांनी अधाशीपणे खाल्ले तर शकुन चांगला. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या समुद्रात पुब्लियस क्लॉडियस पुल्चर या रोमन कॉन्सलच्या जहाजावर कोंबड्या खाईनात. खात नाहीत तर पाणी तरी पिऊ देत, असे म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, अशी कथा आहे. आरमाराचा दारुण पराभव झाला आणि परतल्यावर त्याला दंड भरावा लागला.

यातली खेळाला उपयोगी बाजू कोंबड्यांत नाही, बघणाऱ्या खलाशांत आहे. आपल्याकडे देवळात कौलप्रसाद होतो तेव्हा काय होते ते आठवा. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावलेल्या असतात, गाऱ्हाणे घातलेले असते, आणि चौकात बसलेल्या सगळ्यांची नजर उजवी पाकळी आधी सुटते की डावी यावर. घरचे लग्न असो, जमिनीचा वाद असो, कौल सगळ्यांच्या देखत मिळतो, म्हणून नंतर माघार घेणे अवघड जाते. तेर्मारांचा शकुनही असाच उघड्यावर ठेवा. सूत्रधाराने पडद्याआड फासे टाकू नयेत. वीस बाजूंचा फासा टेबलाच्या मधोमध टाका. शकुन वाईट आला तरी सेनापती लढाईला जाऊ शकतो, पण त्याच्या प्रत्येक शिपायाला धैर्याच्या फाशावर उणे दोन. शिपायांनी पाहिले आहे ना!

आणखी एक रोमन विधी जरूर घ्या. शत्रूचे नगर पडण्याआधी रोमन त्या नगराच्या देवतेलाच आमंत्रण देत: हे नगर सोड, आमच्याकडे ये, तुला मोठे देऊळ बांधू. इ.स.पू. ३९६ मध्ये वेई जिंकताना तिथल्या जुनोला असे बोलावले. मूर्तीला रोमला यायचे का असे कुणीतरी विचारले आणि तिने मान हलवली, अशी दंतकथा रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदवली आहे. आता हीच गोष्ट हरणाऱ्यांच्या बाजूने रचून पाहा. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनीच देव उचलून नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देव जिंकणाऱ्याच्या हाती लागण्याआधी त्याला हलवणे, हे अख्खे कॅम्पेन आहे. तेर्मारांचे आमंत्रण-पथक ग्रहाच्या कक्षेत आले आहे. खेळाडू त्या ग्रहावरचे. त्यांच्या हाती एक रात्र, एक होडी आणि एक मूर्ती. तेर्मारांना ती मूर्ती फोडायची नाही, सन्मानाने न्यायची आहे, आणि त्यामुळेच काही गावकऱ्यांना त्यांचे म्हणणे पटू लागले आहे. अशा प्रसंगात खलनायक शोधावा लागत नाही.

पूर्वजांचे स्थान?

खानदानी रोमन घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपलेले असत. अंत्ययात्रेत ते चढवून, त्या त्या पूर्वजाच्या पदाचा पोशाख घालून माणसे चालत. तेर्मारांकडे मुखवट्याची गरज नाही, टाकलेली कवचे आहेत. घराच्या पुढच्या दालनात आजोबांची सहावी कात, पणजीची आठवी. सभेत फार गंभीर ठराव मांडायचा असेल तर वक्ता पूर्वजाचे कवच पाठीवर चढवून बोलतो, आणि तेवढा वेळ त्याला खोटे बोलता येत नाही. एखाद्या खेळाडूने कवच चोरले तर? विचारू नका, करू द्या.

गुलामगिरी खेळात आणावी का?

रोम गुलामांच्या कष्टांवर उभे होते, हे लपवून रोमन संस्कृती दाखवणे मला अप्रामाणिक वाटते. पण टेबलावरच्या सगळ्यांची संमती आधी घ्या. कॅम्पेन सुरू होण्यापूर्वी एक बैठक फक्त यासाठी ठेवा: कोणते विषय चालतील, कोणते पडद्यामागे राहतील, कोणते मुळीच नकोत. कुणी कारण न देता नको म्हणाले तरी ते मान्य. पोर्तुगीज काळात गोव्याच्या बाजारातही माणसे विकली गेली आहेत, हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

विषय घेतलाच, तर तो शोभेला घेऊ नका. रोममध्ये रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई, तरी जुन्या धन्याची काही सेवा त्याच्यावर बंधनकारक राही. मोठी पदे त्याला बंद, त्याच्या मुलाला खुली. अशा मुक्त झालेल्याचे पात्र खेळायला अतिशय समृद्ध असते. मालकाचे पात्र खेळाडूला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

माणसांना तेर्मारांचे नागरिक होता येते का?

हा प्रश्न कॅम्पेनच्या गाभ्याशी ठेवा. रोमसाठी लढून, रक्त सांडूनही नागरिकत्व मिळेना, म्हणून इटलीतल्या मित्रनगरांनी इ.स.पू. ९१ मध्ये बंड केले. बंडखोरांच्या काही नाण्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडगिणीला शिंगावर घेताना दाखवला आहे. रोमने युद्ध रेटले आणि त्याच वेळी कायदे करून नागरिकत्वही देऊ केले. पुढे इ.स. २१२ मध्ये काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना ते देऊन टाकले.

तेर्मारांची अडचण वेगळी. माणूस कात टाकत नाही, म्हणजे त्याची राखण करता येत नाही, म्हणजे तो कुणाच्याच हिशोबात बसत नाही. शंभर वर्षे माणसे त्यांच्या बंदरांत परकी राहिली. मग एका तेर्मार वकिलाने सभेत मुद्दा मांडला की माणूस दररोज रात्री मऊ होतो. डोळे मिटतो, हत्यार खाली ठेवतो, हाका मारल्या तरी लवकर उठत नाही. झोपलेल्या माणसाच्या दाराशी जो उभा राहिला, तो त्याचा राखणदार का नाही? सभा अजून दुभंगलेली आहे. कारण हे मान्य केले तर माणसावरचे ऋण एका वर्षात तीनशे पासष्ट वेळा चढते, आणि माणसानेही दुसऱ्याला राखले तर तोसुद्धा रातोरात बडा राखणदार होतो.

नावे कशी ठेवावीत?

रोमन नावांसारखे शेवटी ‘अस’ लावू नका. घराणे, कितवी कात आणि कुणाची राखण, एवढे नावात आले की पुरे: ‘साव्हेन, चौथ्या कातीची, ओल्लूच्या राखणीतली’. राखण बदलली की नाव बदलते, आणि भर सभेत कुणी जुने नाव घेतले की ते भांडणाचे आव्हान.

तंत्रज्ञान किती पुढारलेले?

तुमच्या खेळाला हवे तितके. फक्त दळणवळण आणि पाणी या दोन गोष्टींत त्यांना निष्णात ठेवा. रोमन बांधकामात ज्वालामुखीची राख मिसळलेले काँक्रीट समुद्राच्या पाण्यात टिकत असे. तेर्मार जिंकलेल्या प्रत्येक ग्रहावर आधी बांध घालतात, खारे पाणी आतबाहेर सोडायला दारे बसवतात. खाजणाचा बांध फुटला की शेत कसे जाते, हे आपल्या बांदोड्या-दिवाडीकडच्या माणसाला सांगायला नको. युद्धात त्यांचा बांध फोडणे हे खेळाडूंचे सर्वांत प्रभावी हत्यार असेल, आणि आतल्या बाजूला त्यांचेच गावकरी शेत करत असतील.

पहिल्या सेशनला काय खेळवू?

एक बीळ. सात तेर्मार टणक, आठवा काल रात्री मऊ झाला आहे. खेळाडू त्या सातांपैकी, हवे तर एखादा माणूस दुभाष्या. पहाटे राखणदाराचा निरोप येतो: दुपारच्या ओहोटीला सगळ्यांनी सभेत हजर राहायचे, अटीतटीचे मतदान आहे, एकही मत कमी पडता कामा नये. मऊ सोबत्याला हलवता येत नाही. शेजारचे बीळ राखण करायला तयार आहे, पण मग तो त्यांच्या राखणीत जाईल. सूत्रधाराने इथे गप्प बसावे आणि खेळाडूंना आपसांत वाद घालू द्यावा. ओहोटी सुरू झाल्याचे मात्र दर दहा मिनिटांनी सांगत राहावे, आणि पाणी बिळाच्या उंबऱ्याखाली गेले की शकुनाचा फासा टेबलाच्या मधोमध टाकावा.